जडशीळ रेणू मोजताना

मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टर दर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी करून आणायला सांगतात. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत असते. किती टक्के हिमोग्लोबिनला ती चिकटली हे कळले की मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर कशी होती याचा अंदाज येतो. आता चिकटली म्हणजे नेमके काय झाले? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे वजन भरते सुमारे १५,८६७ डाल्टन. ग्लुकोजचा एक रेणू जोडला गेला की त्यात १६२ डाल्टनची भर पडते. (ग्लुकोज स्वतः १८० डाल्टनचे, पण जोडणी होताना १८ डाल्टनचा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो.) विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात आढळणाऱ्या सिकल सेलचीही गोष्ट वजनाच्याच भाषेत सांगता येते. याच बीटा साखळीतले एक ग्लुटामिक आम्ल जाते, त्याच्या जागी व्हॅलिन येते, आणि साखळी ३० डाल्टनने हलकी होते. एवढ्याशा फरकावर माणसाचे आयुष्य बदलते.

डाल्टन म्हणजे ढोबळमानाने हायड्रोजनच्या एका अणूचे वजन. असे फरक टिपणारे यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. आपल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एचबीए१सी सहसा वेगळ्या, स्वस्त यंत्रावर होते. पण जगभरच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून क्लिनिकल केमिस्ट्रीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने एक संदर्भ पद्धत ठरवून दिली आहे. तिच्यात बीटा साखळीच्या टोकाचा सहा अमिनो आम्लांचा तुकडा कापून घेतात आणि साखर लागलेले व न लागलेले तुकडे वेगवेगळे मोजतात. हे मोजण्याच्या दोन मान्य मार्गांपैकी एक मास स्पेक्ट्रोमीटरचा आहे.

सहा अमिनो आम्लांचा तुकडा मोजणे आज सोपे आहे. अख्खी बीटा साखळीही सोपी. चार साखळ्या आणि लोहाचे चार हीम यांची मोट बांधलेले ६४,५०० डाल्टनचे सबंध हिमोग्लोबिन, जसे रक्तात असते तसेच, न उसवता मोजायचे म्हटले की काम अवघड होते. आणि २० ते २५ लाख डाल्टनचा जिवाणूचा रायबोसोम किंवा ४० लाख डाल्टनचे हिपॅटायटिस-बी विषाणूचे कवच मोजायचे, तर यंत्रच नव्याने बांधावे लागते.

यंत्राला तीन कामे करावी लागतात. रेणूला विद्युत प्रभार देऊन निर्वातात आणायचे, विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रातून पळवायचे, आणि तो कुठे, केव्हा पोचला हे टिपायचे. मात्र यंत्राला वजन असे कळतच नाही. त्याला कळते ते वजन भागिले प्रभार. एक प्रभार असलेला १,००० डाल्टनचा रेणू आणि दहा प्रभार असलेला १०,००० डाल्टनचा रेणू त्याच्या लेखी सारखेच. पुढच्या बहुतेक अडचणी आणि बहुतेक युक्त्या या एका भागाकारातून निघतात.

जे. जे. थॉमसन यांनी १९१२-१३ मध्ये निऑनचे २० आणि २२ वजनाचे दोन भाऊ वेगळे दाखवले, तेव्हा हा भागाकार त्रासाचा नव्हता. त्यांचे शिष्य फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये सुधारलेले यंत्र उभे केले आणि १९२२ चे नोबेल मिळवले. नंतरची पन्नासएक वर्षे हे यंत्र भौतिकशास्त्रज्ञांचे, तेल कंपन्यांचे आणि लहान सेंद्रिय रेणूंवर काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांचे होते. प्रथिने त्याच्या वाट्याला गेली नाहीत, कारण वायुरूप करण्यासाठी तापवावे तर प्रथिन उडण्याऐवजी करपते.

ही कोंडी फुटली ती १९८० च्या दशकात. क्योटोच्या शिमाद्झू कंपनीतला कोइची तानाका हा तरुण इंजिनिअर १९८५ मध्ये कोबाल्टच्या अतिसूक्ष्म भुकटीत चुकून भलताच द्रव, ग्लिसरीन, घालून बसला. भुकटी महाग, टाकून देणे जिवावर आले, म्हणून त्याने तेच मिश्रण लेसरखाली धरले. आणि एरवी तुटून जाणारे व्हिटॅमिन बी-१२ अखंड उडाले. पुढे त्याच मार्गाने प्रथिनेही उडाली. त्याच सुमारास जर्मनीत फ्रांझ हिलेनकाम्प आणि मिखाएल कारास सेंद्रिय स्फटिकांत प्रथिन मिसळून लेसर मारण्याची पद्धत घडवत होते. आज जगभर वापरली जाते ती त्यांची पद्धत, माल्डी. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत संसर्गाचा जंतू कोणता हे माल्डी-टॉफ यंत्र काही मिनिटांत सांगते ते याच तत्त्वावर. तरीही २००२ च्या नोबेलमध्ये नाव आले ते तानाका यांचे. नोबेल समितीचा हा निर्णय मला आजही पुरता पटलेला नाही, पण तो वाद इथे नको.

त्याच नोबेलचे दुसरे मानकरी अमेरिकेचे जॉन फेन. त्यांची पद्धत इलेक्ट्रोस्प्रेची. मूळ कल्पना माल्कम डोल यांची, १९६८ ची: गाड्यांना विद्युतभारित रंग फवारतात ते पाहून त्यांनी पॉलिस्टायरीनचे द्रावण तसेच फवारून पाहिले होते. उच्च दाबाच्या विजेखाली सुईच्या टोकातून द्रावणाचे बारीक थेंब उडतात, द्रव सुकत जातो, थेंबातला प्रभार शेवटी आतल्या रेणूच्या अंगावर राहतो. फेन यांनी येल विद्यापीठात ते प्रथिनांसाठी साधले, आणि एक अनपेक्षित लाभ पदरात पडला. प्रथिनावर एक नव्हे, दहा-वीस प्रभार बसत. म्हणजे छेद मोठा, भागाकार लहान. त्यामुळे वजनदार प्रथिनही साध्या यंत्राच्या आवाक्यात आले.

मग खरे वजन कसे काढायचे? यंत्राच्या आलेखातल्या शेजारच्या दोन खुणांवरून. हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीची एक खूण १००९.४ वर आणि तिच्या अलीकडची ९४६.४ वर दिसते. दोन्ही एकाच रेणूच्या आहेत, प्रभारात फक्त एकाचा फरक. लहान आकड्यातून प्रभार देणाऱ्या प्रोटॉनचा १ वजा करा आणि दोन खुणांमधल्या ६३ च्या अंतराने भागा: उत्तर १५. म्हणजे मोठ्या आकड्याच्या खुणेवर १५ प्रभार आहेत, आणि साखळीचे वजन १५,१२६. शाळकरी बीजगणित आहे हे. पण पुढे याच्यावर सगळा डोलारा उभा राहिला आणि एका टप्प्यावर येऊन डगमगलाही. ते ओघाने येईल.

नोबेलपाशी गोष्ट संपवायची पद्धत आहे. मला वाटते, जैविक रेणूंच्या दृष्टीने अर्धे काम तिथून पुढचे आहे, आणि ते कारागिरीचे असल्याने त्याला प्रसिद्धी कमी मिळाली.

झाले असे की फेन यांच्या पद्धतीत प्रथिन आम्लात आणि मिथेनॉलसारख्या द्रवात विरघळवत. त्यात त्याची घडी उलगडते, जोडीदार सुटतात. वजन अचूक मिळते, पण सुट्या साखळीचे. जीवशास्त्रातले पुष्कळसे काम तर याहूनही पुढे जाऊन होते: ट्रिप्सिनने प्रथिनाचे तुकडे करायचे, तुकडे मोजायचे, आणि संगणकाने ओळखायचे की मूळ प्रथिन कोणते. प्रोटिओमिक्सचा मोठा भाग या तुकड्यांवर चालतो आणि उत्तम चालतो. फक्त कोण कोणाला धरून होते, किती जण एकत्र होते, ही माहिती तुकडे करतानाच जाते. पेशीत तर प्रथिने एकेकटी क्वचितच राबतात.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात १९९१ मध्ये कट्टा आणि चेट यांनी मायोग्लोबिन सौम्य द्रावणातून फवारले, तेव्हा त्याच्या पोटातले ६१६ डाल्टनचे हीम शाबूत राहिले. म्हणजे सैल बंधही निर्वातात टिकू शकतात. आम्लाऐवजी अमोनियम ॲसिटेटचे पाणी वापरायचे, घडी जपायची, जमाव जपायचा. या शाखेला ‘नेटिव्ह’ मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात. ती वाढवण्यात कॅरल रॉबिन्सन यांचा वाटा मोठा. सोळाव्या वर्षी शाळा सोडून इंग्लंडमधल्या फायझरच्या प्रयोगशाळेत त्या तंत्रज्ञ म्हणून लागल्या, शिकत शिकत केंब्रिजला पीएच.डी. केली, मग मुलांसाठी आठ वर्षे काम सोडले, आणि परत येऊन केंब्रिज व ऑक्सफर्ड या दोन्ही ठिकाणी रसायनशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या.

या लोकांना पहिल्यांदा नडला तो भागाकार. घडी घातलेले प्रथिन आटोपशीर असते, त्याच्या पृष्ठभागावर प्रभार कमी मावतात. दहा लाख डाल्टनच्या जमावावर जेमतेम ऐंशीच्या आसपास प्रभार, म्हणजे भागाकार १२,००० च्या पुढे. विषाणूच्या कवचाचा २५,००० च्या घरात. बाजारातल्या यंत्रांची निवड-चाळणी, म्हणजे चार दांड्यांचे क्वाड्रुपोल, साधारण ४,००० पर्यंतच चाले. वुल्फगांग पाउल यांनी १९५० च्या दशकात दिलेल्या या रचनेत दांड्यांवर रेडिओ वारंवारतेची वीज खेळवतात. तिची वारंवारता जितकी जास्त, तितका मोठ्या भागाकाराचा आयन, म्हणजे प्रभारित रेणू, तिच्यात टिकवणे कठीण. उपाय कागदावर सोपा होता: वारंवारता उतरवा. रॉबिन्सन यांच्या गटाने २००२ मध्ये असे बदललेले यंत्र प्रसिद्ध केले. त्याची चाळणी ३२,००० पर्यंत पोचत होती. त्यासाठी यंत्राचा मूळ पुरवठा-संच काढून नवा बसवावा लागला.

दुसरी अडचण वेगाची. फवाऱ्याच्या बाजूने हवा निर्वातात शिरते ती झोताने, आणि त्या झोतात हलके-जड सगळेच आयन जवळपास एकाच वेगाने ओढले जातात. बोरघाट उतरताना मोटरसायकल आणि सिमेंटने भरलेला ट्रक एकाच वेगात असले, तरी ब्रेक दाबल्यावर कोण कुठे थांबेल हे वेगळे सांगायला नको. दहा लाख डाल्टनच्या आयनाची ऊर्जा हजार डाल्टनच्या आयनाच्या हजारपट. यंत्रातली क्षेत्रे त्याला वळवू शकत नाहीत, तो सरळ जाऊन भिंतीवर आदळतो आणि पलीकडे काहीच दिसत नाही. सुरुवातीला अनेकांना वाटले, जमाव वाटेत तुटत असावा. प्रत्यक्षात तो तुटत नव्हता, हरवत होता.

यावर सापडलेला उपाय मला या साऱ्या इतिहासात सर्वांत आवडतो, कारण तो यंत्र बनवणाऱ्यांच्या शिकवणीच्या उलट होता. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये निर्वात जितका चांगला तितके बरे, असे प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. जड आयनांसाठी मात्र पहिल्या कप्प्यातला निर्वात मुद्दाम बिघडवायचा. पंपाच्या नळीवरची झडप अर्धवट फिरवून बंद केली की दाब सुमारे एक मिलीबारवरून दहाच्या आसपास चढतो. वायूच्या रेणूंशी असंख्य बारीक टकरा होऊन जड आयनाची जादा ऊर्जा निघून जाते, तो निवतो आणि क्षेत्राचे ऐकू लागतो. कित्येक प्रयोगशाळांमध्ये महागड्या यंत्राची ही सुधारणा हाताने एक चाक फिरवून झाली आहे. याच कामासाठी पुढे आयन-फनेलसारखी उपकरणे आली. अमेरिकेत रिचर्ड स्मिथ यांच्या गटाने ती १९९७ पासून विकसित केली.

निवलेल्या आयनाच्या अंगावर पाणी आणि क्षार चिकटलेले असतात, त्यामुळे वजन खऱ्यापेक्षा जास्त भरते. ते झटकायला जोराच्या टकरा हव्यात. आता हलका वायू जड आयनाला पुरेसा हलवू शकत नाही, म्हणून नायट्रोजन (२८) किंवा अरगॉन (४०) यांच्याऐवजी झेनॉन (१३१) वापरून पाहिला गेला, आणि उट्रेख्टच्या आल्बर्ट हेक यांच्या गटाला त्याचा स्पष्ट फायदा दिसला. एकाच यंत्रात एका कप्प्यात थंड करायचे आणि दुसऱ्यात बडवायचे, अशी ही कसरत आहे. बडवणे जास्त झाले तर जमावातली एखादी साखळी निसटून बाहेर पडते. ती निसटल्यावर उरलेल्यांची रचना उमगते, म्हणून कधीकधी तेही मुद्दाम करतात.

शेवटची अडचण शोधकाची, म्हणजे आयन मोजणाऱ्या पाटीची. टॉफ यंत्रात सगळ्या आयनांना सारखाच विद्युतदाब देऊन पळवतात आणि पोचायला लागलेला वेळ मोजतात. भागाकार २५ पट झाला की वेग एक-पंचमांश होतो. पाटीवर आयन आपटला की इलेक्ट्रॉन उडतात आणि त्यांचीच पुढे वाढवलेली लाट आपण मोजतो. पण किती इलेक्ट्रॉन उडतील हे बऱ्याच अंशी वेगावर ठरते. संथ पोचलेला महाकाय आयन पाटीला जाणवतच नाही. पाटीला जेवढे जाणवते तेवढेच कागदावर उमटते, म्हणून वर्णपटात लहान रेणूंचे प्रमाण उगाच फुगलेले दिसू शकते.

मग आपटायचेच कशाला? अलेक्झांडर मकारोव्ह या रशियात शिकलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने मँचेस्टरमधल्या एका लहान कंपनीत याचे उत्तर घडवले. कंदिलाच्या काचेसारखे फुगीर बाहेरचे कवच, आत चातीच्या आकाराचा दांडा; आयन दांड्याभोवती फिरतात आणि फिरता फिरता दांड्याच्या लांबीवर मागेपुढे झुलतात. या झुलण्याची वारंवारता भागाकाराच्या वर्गमुळाने ठरते. आयनाची ऊर्जा कमी-जास्त असली तरी तिला फरक पडत नाही. आयन कशालाही न शिवता फक्त जवळून जातो आणि कवचात बारीकसा प्रवाह उमटवतो. तो ऐकायचा. या तऱ्हेच्या सापळ्याची कल्पना किंग्डन यांनी १९२३ मध्येच मांडली होती. मकारोव्ह यांनी आकार असा काटेकोर घडवला की मोजमाप करता यावे. २००० मध्ये शोधनिबंध आला, २००५ मध्ये ऑर्बिट्रॅप बाजारात आले. तेही सुरुवातीला हलक्या तुकड्यांसाठीच. २०१२ मध्ये हेक आणि मकारोव्ह यांच्या गटांनी ते जड जमावांसाठी बदलले: आयन वायू भरलेल्या कोशात साठवून निववायचे, मार्गदर्शक विद्युतदाब वाढवायचे. चौदा साखळ्यांचे, आठ लाख डाल्टनचे ग्रोईएल हे प्रथिन जड यंत्रांची परीक्षा घ्यायला नेहमी वापरतात. त्याचा एकेकटा आयन या यंत्राने ऐकला.

एकेकटा आयन ऐकू येऊ लागला आणि शेजारच्या दोन खुणांवरचे ते बीजगणित सोडण्याची वाट मोकळी झाली. ती सोडणे भाग होते, कारण खऱ्या जैविक जमावात सगळे सभासद समान वजनाचे नसतात. जनुकोपचारात जनुक पेशीपर्यंत पोचवायला एएव्ही नावाच्या विषाणूचे कवच वापरतात. ते साठ प्रथिनांचे असते. तीन प्रकारची प्रथिने साधारण १:१:१० या प्रमाणात, पण प्रत्येक कवचात नेमकी किती हे जवळपास नशिबाने ठरते. असंख्य थोडीथोडी वेगळी वजने, प्रत्येकावर वेगवेगळे प्रभार: सगळ्या खुणा एकमेकींत मिसळून एक सपाट टेकडी दिसते. शेजारची खूणच नाही, तर भागायचे कशाने?

म्हणून प्रभार सरळ मोजायचा. एक आयन धातूच्या नळीतून गेला की नळीत त्याच्या प्रभाराइतकाच प्रतिप्रभार उमटतो. तो मोजला आणि वेगावरून भागाकार मोजला की गुणाकाराने वजन हातात येते. १९९५ मध्ये फ्युअर्स्टेनाउ आणि बेनर यांनी हे डीएनएसारख्या रेणूंवर दाखवले. पण खरखर इतकी की प्रभार अंदाजेच कळे. इंडियाना विद्यापीठात मार्टिन जॅरल्ड यांनी ती खरखर कमी करण्यात वर्षे घालवली: आयनाला दोन आरशांमध्ये अडकवून त्याच नळीतून पुन्हा पुन्हा न्यायचे, ॲम्प्लिफायरचा पहिला ट्रान्झिस्टर गोठवून थंड ठेवायचा. २०१५ मध्ये चूक एका इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या पाचव्या भागापर्यंत उतरली. प्रभार पूर्णांकच असतो, त्यामुळे एवढी चूक म्हणजे व्यवहारात चूक नाहीच. २०२० पासून ऑर्बिट्रॅपवरही हेच केले जाते. रिकामे एएव्ही कवच सुमारे ३७ लाख डाल्टनचे, जनुक भरलेले ५० लाखांच्या आसपास. एकेक कवच मोजून भरलेली किती, रिकामी किती, अर्धवट किती हे सांगता येते. रुग्णाला टोचायच्या औषधात निम्मी कवचे रिकामी असतील तर डोसाचा हिशेबच चुकतो, म्हणून औषध कंपन्यांना यात रस आहे.

ग्रेनोबलमध्ये सेबास्तियां आँत्झ यांच्या गटाने २०१८ मध्ये प्रभाराचा काच पूर्णच काढून टाकला. कण सूक्ष्म कंपन पावणाऱ्या सिलिकॉनच्या पट्टीवर बसवायचा आणि कंपन किती मंदावले ते मोजायचे. टी-५ या जिवाणूभक्षी विषाणूचे साडेदहा कोटी डाल्टनचे कवच त्यांनी असे तोलले. मात्र ऑर्बिट्रॅपसारखी बारकाई या पट्टीत नाही. ३० डाल्टनचा फरक तिला कधी कळेल असे आज तरी दिसत नाही.

यंत्राची बाजू अशी बरीच मार्गी लागली आहे. नमुन्याची लागलेली नाही. पेशीत सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड असतात, अमोनियम ॲसिटेट नसते; ज्या द्रावणात आपण जमाव तोलतो ते त्याचे घर नव्हे. पेशीपटलात रुतलेल्या प्रथिनांना तर साबणासारख्या रेणूंच्या गोळीत बसवून उडवावे लागते आणि निर्वातात पोचल्यावर ती गोळी सोलून काढावी लागते. रॉबिन्सन यांच्या गटाने २०१८ मध्ये साबण टाळून सरळ पेशीपटलाच्या कणांमधून प्रथिने उडवून दाखवली, पण ते अजून सरसकट जमणारे काम नाही. तेव्हा अमुक विषाणूचे किंवा प्रथिनाचे वजन इतके, असे कुठे वाचले तर दोन गोष्टी शोधून पाहाव्यात: ते कोणत्या द्रावणातून मोजले, आणि प्रभार मोजला होता की शेजारच्या खुणांवरून काढला होता.